बी.कॉम. झालं, कार्ड काढलं, फॉर्म भरले, तरी नोकरी नाही: सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीला उत्तर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीने प्रश्न विचारलाय, आधी तो थोडक्यात सांगते. गाव वाळपईच्या पुढे, बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आहे, सरकारी जाहिरात आली की फॉर्म भरते, प्रायव्हेटमध्ये जिथे जावं तिथे अनुभव विचारतात. वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधून एकदा कॉल आला होता पण परतीची बस मिळणार नाही म्हणून घरच्यांनी जाऊ दिलं नाही. वडिलांचा ट्रक खाणीवर चालायचा, तो विकावा लागला. धाकटा भाऊ दहावी पास, बारावीत राहिला, त्याला जहाजावर जायचंय आणि एक एजंट पैसे मागतोय. माझं काय चुकतंय आणि आता नेमकं काय करू, असं तिने विचारलंय.

बाय, मी ट्रेनिंग आणि प्लेसमेंटच्या कामात बरीच वर्षं आहे, आणि फोंडा, डिचोली, सत्तरी इथलीच मुलं माझ्याकडे जास्त येतात. तुझ्यासारखी पत्रिका घेऊन येणारी मुलगी मला दर महिन्याला भेटते, म्हणून खात्रीने सांगते की तुझ्यात काही कमी आहे असं समजून बसू नकोस. सरकारच्या श्रमबळ पाहणीत २०२३-२४ साली देशाचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता आणि आपल्या गोव्याचा साडेआठच्या आसपास. गोवा श्रीमंत, शिकलेला, मग असं का, तर बऱ्याच अंशी शिकलेला म्हणूनच. आमच्याकडे घरात पदवी झालेलं मूल दोन-चार वर्षं बसून राहिलं तरी घर कसंबसं चालतं, त्यामुळे चांगली नोकरी येईपर्यंत थांबायची सवय लागलीय, आणि जी नोकरी लगेच मिळते ती शिकलेल्या मुलाला नको वाटते किंवा घरच्यांना नको वाटते.

तुमच्या भागाचं तर आणखी एक दुखणं आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या तेव्हा मार्चच्या मध्यापासून परत सगळं बंद. लोक फक्त ट्रकचं बोलतात. पण ट्रकांच्या मागे गॅरेज होतं, टायरवाला होता, कँटीन होतं, काट्यावर वजन लिहिणारा क्लार्क होता, ट्रान्सपोर्टवाल्यांची हिशोबाची वही सांभाळणारा होता. गावातल्या बी.कॉम. मुलाला पहिली नोकरी अशा ठिकाणी मिळायची, कोणी इंटरव्ह्यू घेत नव्हतं, ओळखीवर लागायचा आणि दोन वर्षांनी अनुभवाचं पत्र घेऊन पुढे जायचा. तुझ्या आधीच्या पिढीला ही पायरी होती, तुला नाही. तुझी खरी अडचण इथे आहे, पहिलं एक वर्ष काम करायला मिळत नाही आणि ते नाही म्हणून पुढचं काहीच मिळत नाही. म्हणून मी पुढे जे काही सांगतेय ते सगळं त्या एका वर्षासाठी.

सरकारी फॉर्म भरायचे सोडू नकोस. २०१९ च्या कायद्याने गोवा कर्मचारी निवड आयोग आला, आता क्लार्कसारख्या पदांची परीक्षा कॉम्प्युटरवर होते, ही अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी चांगलीच गोष्ट आहे. पण अभ्यास रोज दोन तास नेमाने कर, दिवसभर घरी बसून नको. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला वेळेवर काढून ठेव, जाहिरात आल्यावर मामलेदार कचेरीत धावायची पाळी येते आणि शेवटची तारीख निघून जाते. कोकणी येणं आवश्यक आणि मराठी येणं इष्ट असं नियमात असतं, तुम्ही मराठीतून शिकलेली मुलं घरात कोकणी बोलता पण लिहायची वेळ आली की अडता, तेव्हा रोज एक पान कोकणी लिहायची सवय कर.

आणि ते कार्ड. एक्स्चेंजचं कार्ड म्हणजे नोकरीच्या रांगेतला नंबर अशी घरोघरी समजूत आहे. १९५९ साली यासाठी कायदा आला तेव्हापासून त्याचा अर्थ एवढाच की मालकाने रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवाव्या, तिथल्याच यादीतून माणूस घ्यावा असं बंधन त्यात कधीच नव्हतं. सरकारी जाहिरातीत कार्ड मागतात म्हणून ते चालू ठेव, रिन्यू कर, पण घरी कॉल येईल म्हणून वाट बघू नकोस. वशिल्याचं तर बोलूच नये इतकं ते बोकाळलंय. २०२४ च्या शेवटी सरकारी नोकरी लावतो म्हणून लोकांकडून लाखांनी पैसे घेतल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली, अटका झाल्या, आणि पैसे देणाऱ्यांत आपल्यासारखीच दागिने मोडून आलेली घरं होती. तुझ्या घरी कोणी असा माणूस आला तर वडिलांना दारातच त्याला परत पाठवायला सांग.

आता मुख्य गोष्टीवर येते, अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत स्टायपेंड घेऊन शिकत काम करणं. हा शब्द ऐकला की आयटीआयची मुलं डोळ्यासमोर येतात, पण बी.कॉम., बी.ए., बी.एस्सी. मुलांनाही ती मिळते, आणि हे कॉलेजात कोणी नीट सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, त्याच्या नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के इतके अप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे वेर्ण्याच्या कंपनीच्या एचआरसमोर तू उभी राहतेस तेव्हा तू उपकार मागत नसतेस, त्यांनाही तो आकडा भरायचा असतो. पदवीधराला २०१९ च्या नियमांनी महिना किमान ९,००० स्टायपेंड ठरला, त्यातला अर्धा भाग केंद्र सरकार उचलतं. पदवी आणि डिप्लोमावाल्यांसाठी एनएटीएस नावाचं पोर्टल आहे, आयटीआय आणि दहावी-बारावीवाल्यांसाठी वेगळं अप्रेंटिसशिप पोर्टल, तू पहिल्यावर नाव घाल. वास्कोचं गोवा शिपयार्ड दरवर्षी अप्रेंटिस घेतं, बँका घेतात, फार्मा कंपन्या घेतात, आणि मुख्यमंत्री अप्रेंटिसशिप योजनेत आपल्या सरकारी खात्यांतही घेतात. उशीर मात्र करू नकोस, पास होऊन फार वर्षं झाली किंवा कुठे वर्षभराचा अनुभव झाला की या योजनेत बसता येत नाही, तुझी दोन वर्षं झालीत म्हणजे अजून वेळ आहे.

नऊ हजारात काय होतं असं चवथीला आलेला प्रत्येक पाहुणा विचारेल. बस आणि जेवण जाऊन हातात फार राहणार नाही हे खरंच आहे, मी खोटं सांगणार नाही. पण वर्ष संपल्यावर केंद्र सरकारच्या बोर्डाचं सर्टिफिकेट मिळतं आणि पुढच्या इंटरव्ह्यूत अनुभव किती या रकान्यात शून्याच्या जागी एक येतो, आणि तो शून्य गेला की कॉल यायला लागतात हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघायची. खरी अप्रेंटिसशिप म्हणजे पोर्टलवर करार होतो, त्याला नंबर असतो, तुझी आणि कंपनीची सही असते. काही लोक नुसतं ट्रेनी म्हणून घेतात, कागद काही नाही, सहा महिने झाले की पुढचे सहा महिने, स्टायपेंड रोख हातात. त्याने सर्टिफिकेट मिळत नाही आणि तुझं वर्ष फुकट जातं. पहिल्या आठवड्यातच विचार, सर, माझा काँट्रॅक्ट पोर्टलवर कधी जनरेट होणार. टाळाटाळ केली तर समज.

आता नाव घालताना पहिली अडचण कुठे येते ते सांगते कारण निम्मी मुलं तिथेच सोडून देतात. आधारवरचं नाव, मार्कशीटवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नाही. आमच्या गोव्यात तर हे फारच. गांवकरच्या इंग्रजी स्पेलिंगात एका कागदावर ओ, दुसऱ्यावर यू, नाईकचं स्पेलिंग जन्मदाखल्यावर जुन्या पोर्तुगीज वळणाचं आणि शाळेत दुसरंच, कुठे वडिलांचं नाव मध्ये आहे, कुठे नाहीच. पोर्टल आधारवरून नाव उचलतं, मार्कशीट जुळत नाही म्हणून अर्ज अडकतो, किंवा सगळं होऊन स्टायपेंडचा सरकारी भाग बँकेत जमाच होत नाही कारण खातं आधारशी लिंक नाही. म्हणून आज संध्याकाळी घरातले सगळे कागद जमिनीवर पसर, सहा-सात असतील, आणि एकेक अक्षर ताडून बघ. साधारणपणे मार्कशीट धरून आधार दुरुस्त करणं सोपं जातं, उलट केलंस तर बोर्ड, युनिव्हर्सिटी, अॅफिडेव्हिट असे खूप फेरे होतात. बँकेत जाऊन खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायला, सीड केलंय का एवढं विचार, नुसतं आधार जोडलंय का असं विचारू नकोस, ते दोन वेगळे प्रकार आहेत. पंचायतीत स्वयंपूर्ण मित्र म्हणून सरकारी अधिकारी येतात, २०२० पासून ही योजना आहे, दाखल्यांच्या कामाला त्यांना धर, त्यांचं ते कामच आहे.

बसचं. हे मी सगळ्यात मोठं कारण मानते आणि यावर कोणी बोलत नाही याचा मला रागही येतो. दुसरी शिफ्ट रात्री सुटते, कंपनीची बस आली तरी फोंड्यापर्यंत येते, आणि फोंड्याहून तुमच्या गावात त्या वेळी काही जात नाही. मुलगा असला तर बाइक घेतो, आणि मग रात्री पावसात उसगावच्या रस्त्यावर त्याचं काय होईल या काळजीने आई जागी. मुलगी असली तर प्रश्नच मिटला, नोकरी नाही म्हणायची. तेव्हा सुरुवात जवळून कर. होंडा आणि पिसुर्ल्याची इंडस्ट्रियल इस्टेट तुमच्या सत्तरीतच आहे, मग कुंडई, मडकई, बेतोडा फोंड्याच्या बाजूला, वेर्णा सगळ्यात शेवटी. छोटे कारखाने असतात, नाव मोठं नसतं, पण अकाउंट्स, स्टोअर्स, डिस्पॅच ही कामं जनरल शिफ्टची असतात, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आणि वेर्ण्याचं चांगलं काही आलंच तर फोनवरच नाही म्हणू नकोस, आधी विचार कंपनीची बस कुठून सुटते, जनरल शिफ्ट मिळेल का, तिथे काम करणाऱ्या मुली फोंड्यात चार-पाच जणी मिळून खोली घेऊन राहतात का. वडिलांना घेऊन एकदा ती खोली बघून ये. मी कित्येक बापांना असं जाऊन बघून आल्यावर हो म्हणताना बघितलंय, न बघता मात्र कोणी हो म्हणत नाही, आणि त्यात त्यांचं काही वावगंही नाही.

इंटरव्ह्यूत काय विचारतात ते जवळून सांगते. स्टोअर्सच्या जागेसाठी बसलीस तर मॅनेजर डेबिट-क्रेडिटची व्याख्या विचारणार नाही. तो म्हणेल, गेटवर ट्रक आला, चलनावर शंभर बॅग आहेत, उतरवल्यावर अठ्ठ्याण्णव निघाल्या, तू काय करशील. पाठ केलेलं उत्तर देणारी मुलं इथे गप्प होतात. उत्तर साधं आहे, अठ्ठ्याण्णवचीच नोंद करायची, चलनावर कमी माल लिहून ड्रायव्हरची सही घ्यायची, फोटो काढायचा, परचेसला लगेच कळवायचं, आणि बिल पूर्ण शंभरचं आलं तर अकाउंट्सला सांगून पेमेंट अडवायचं किंवा डेबिट नोट काढायची. ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, कशाला लागतं, ५०,००० च्या वरचा माल राज्याबाहेर जाताना ते का हवं, गाडी मध्येच बदलली तर त्यात काय बदलायचं, हे सगळं आठवडाभर कोणाकडे बसून बघितलं तर येतं.

म्हणून टॅलीच्या तिसऱ्या कोर्सला पैसे घालण्यापेक्षा वाळपई, डिचोली किंवा फोंड्यातल्या एखाद्या टॅक्स कन्सल्टंटकडे दोन-तीन महिने बस. कमी पैशात घेतील, जून-जुलैला तर त्यांना माणसं हवीच असतात, रिटर्नची गर्दी असते. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी ही जीएसटीची रिटर्नं, त्या आधीच्या चार दिवसांत ऑफिसात काय धावपळ असते ती तू बघ, दुकानदार अर्धी बिलं व्हॉट्सअपवर पाठवतो आणि अर्धी पिशवीतून आणतो, ती लावून मेळ घालायला शिकलीस की तुझी किंमत आपोआप वाढते. एक्सेलमध्ये फिल्टर, पिव्होट आणि व्हीलुकअप एवढं हातात बसव, बाकी नंतर. अप्रेंटिसशिप मिळेपर्यंतचा वेळ यात घाल.

इंग्रजीची भीती मनातून काढ असं मी म्हणणार नाही, भीती असतेच. पण कारखान्यातली इंग्रजी पन्नास-साठ वाक्यांची असते आणि बाकी सगळं हिंदी, कोकणी, मराठीत चालतं. मेल लिहायला शिक. तीन ओळींचा मेल, विषय बरोबर, फाइल जोडलेली. बोलण्यापेक्षा लिहिणं आधी जमतं आणि ते जमलं की बोलायचा धीर येतो.

हॉटेलचं एक सांगते, घरी आवडणार नाही तरी. मुलगी हॉटेलात म्हटलं की आमच्याकडे भुवया वर जातात. पण मोठ्या हॉटेलात अकाउंट्स, स्टोअर्स, कॉस्ट कंट्रोल अशी मागची खाती असतात, पाहुण्यांशी संबंध येत नाही, काम शुद्ध हिशोबाचं, आणि शिस्त अशी लागते की पुढे कुठेही चालते. ऑक्टोबर ते मे सीझनमध्ये घेतात आणि पावसाळ्यात कमी करतात, तेव्हा बारा महिन्यांचं पत्र आहे की सीझनचं ते आधी विचारून घे. पेडण्याला मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून चालू झालाय, त्या बाजूच्या मुलांना याचा फायदा होतोय, तुला रोजचं ते लांब पडेल.

एजन्सीतून म्हणजे काँट्रॅक्टवर काम मिळालं तर घ्यायचं का, घे, पण पीएफ बघून. पगारातून १२ टक्के कापतात आणि तेवढेच मालकाने भरायचे असतात, एजन्सी कापते आणि भरत नाही असं सर्रास होतं. यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, पहिल्या महिन्यातच माग, उमंग अॅपवर पासबुक उघडून पैसे पडतात का ते स्वतः बघ. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, कार्डही माग, घरात आजारपण आलं की त्याची किंमत कळते. दुसरं म्हणजे केंद्राची एक नवी योजना चालू आहे, १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ च्या दरम्यान पहिल्यांदाच पीएफमध्ये नाव लागणाऱ्याला एका महिन्याच्या पगाराइतके, जास्तीत जास्त १५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, पहिला सहा महिने टिकल्यावर, दुसरा वर्ष झाल्यावर. मालक आणि एजन्सी हे सांगतीलच असं नाही. अप्रेंटिसला पीएफ नसतो म्हणून हे त्याच्या नंतरच्या नोकरीसाठी लक्षात ठेव.

धंद्यासाठी कर्ज काढावं का असं तू विचारलं नाहीस पण घरात कोणीतरी सुचवेलच. ईडीसीची, म्हणजे गोव्याच्या आर्थिक विकास महामंडळाची, मुख्यमंत्री रोजगार योजना २५ लाखांपर्यंत देते, मुद्रा आता २० लाखांपर्यंत आहे, केंद्राच्या पीएमईजीपी योजनेत सबसिडीही आहे, सगळ्या योजना खऱ्या आहेत. पण ज्या घराने ट्रकचे हप्ते भरताना एकदा हाल सोसलेत त्या घरात, तू कुठेही एक दिवस काम केलेलं नसताना, नवीन हप्ता आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-तीन वर्षांनी बघू.

आता भाऊ. बारावी राहिली म्हणून घरात त्याला रोज बोलत असाल तर ते आधी थांबवा, बोलणी ऐकून मुलगा एजंटच्या जाळ्यात लवकर जातो. दहावी पास आहे म्हणजे आयटीआयची बहुतेक सगळी दारं उघडी आहेत, होंड्याला आयटीआय आहे, फर्मागुडीला आहे. इलेक्ट्रिशियन किंवा फ्रिज-एसीचा ट्रेड मिळाला तर डोळे मिटून घ्या, गोव्यात जितकी हॉटेलं तितके एसी, या मुलांना मी कधी फार दिवस रिकामं बसलेलं बघितलेलं नाही, आणि जहाजावरही हाच हात चालतो. जहाजाचं वेड असेल तर ते वाईट नाही, गोव्याची किती घरं त्यावर उभी आहेत. पण क्रूझवर हॉटेलच्या बाजूला घ्यायला आधी जमिनीवरचा अनुभव मागतात, म्हणून एक-दोन सीझन चांगल्या हॉटेलच्या किचनमध्ये किंवा सर्व्हिसला काढायचे, मग एसटीसीडब्ल्यूचे म्हणजे जहाजावरच्या सुरक्षेचे बेसिक कोर्स, मग सीडीसी म्हणजे खलाशाचं सरकारी पुस्तक. कोर्सची फी डीजी शिपिंगने, म्हणजे जहाजांच्या केंद्रीय खात्याने, मान्यता दिलेल्या संस्थेला पावती घेऊन भरायची. नोकरी लावायचे म्हणून मात्र खलाशाकडून एजंटने पैसे घेणं नियमानेच बंद आहे, एक रुपयासुद्धा नाही. तुमच्या एजंटला त्याचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीच्या लायसन्सचा, नंबर विचारा आणि डीजी शिपिंगच्या साइटवर ते नाव शोधा. जमिनीवरच्या गल्फच्या नोकरीची गोष्ट असेल तर ई-मायग्रेट या परदेशी नोकरीच्या सरकारी पोर्टलवर रजिस्टर्ड एजंट लागतो आणि त्याची फी ३०,००० अधिक जीएसटी यापेक्षा जास्त असता कामा नये. मूळ पासपोर्ट कोणाच्या हातात देऊ नका. आणि पैसे आधीच दिले असतील तर यूपीआयचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सअपचे मेसेज आणि एजंटचा नंबर असं सगळं एका फाइलमध्ये काढून या आठवड्यातच पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, कारण असे लोक पुढच्या महिन्याची तारीख देत राहतात आणि तेवढ्यात नंबर बदलून मोकळे होतात.